पूर्वरंगाचे मानकरी

एखाद्या जलशाची जाहिरात भिंतीवर लागली म्हणजे वाटसरूची दृष्टी प्रथम जाते ती सर्वांत ठळक अक्षरांकडे. त्या अक्षरांत ज्याचे नाव असेल त्याच्यासाठीच तिकीट काढावयाचे, त्याच्यासाठीच घरून निघावयाचे, आणि तो रंगमंचावर येईपर्यंतचा वेळ कसाबसा काढावयाचा, अशी आपली साधारण रीत आहे. ठळक अक्षरांच्या खाली बारीक टाइपात आणखी एखादे नाव असते. ते कोणाचे, तो मनुष्य काय गाणार, किती वेळ गाणार, ह्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या बारीक टाइपातील नावांचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

पुण्यामुंबईस शिकावयास गेलेल्या मुलांच्या तोंडी 'रॉक' नावाच्या संगीताच्या जलशांचा उल्लेख वारंवार येतो. विजेवर चालणाऱ्या गिटारी, ड्रमचा संच आणि चार-पाच तरुणांचा ताफा, असा हा प्रकार असतो; ताफ्यास 'बँड' म्हणतात. जे बँड मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपनीचा आश्रय न घेता स्वतःची गाणी स्वतः रचून वाजवितात, त्यांस 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, हे विशेषण लावतात. आमच्या देशात ह्या स्वातंत्र्यास आणखी एक अर्थ आहे. तो म्हणजे चित्रपटसंगीतापासून स्वातंत्र्य. अशा जलशात आधी अर्धा-पाऊण तास एक अल्पपरिचित बँड वाजवितो. त्यास 'सपोर्टिंग बँड' म्हणावयाचे. मग ज्याच्यासाठी गर्दी लोटलेली असते तो बँड येतो. तो 'हेडलायनर', म्हणजे त्या रात्रीचा मुख्य मानकरी. वडील मंडळींस हे सारे परके वाटते, तर मुलांस ते अगदी नवे वाटते. आमच्या मते दोन्ही समज अपुरे आहेत. संगीत परके असेल. परंतु आधी कोणी गावे, शेवटी कोणी गावे, आणि आधी गाणाऱ्याचे त्यात काय साधते, ह्या प्रश्नाचा विचार आमच्याकडे शतकानुशतके झालेला आहे. इतकेच नव्हे, तर जे संकट आज त्या मुलांच्या बँडपुढे उभे आहे, तेच आमच्या ख्यालगायकीच्या मैफलीपुढेही आहे.

जालना जिल्ह्यापासूनच आरंभ करू. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते तेथे जन्मले. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन आले असून त्यात कीर्तनास स्वतंत्र समास दिलेला आहे. महाराष्ट्रात रूढ असलेल्या नारदीय कीर्तनाची घडण पाहिली, तर तीत पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग स्पष्ट दिसतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण असते, उत्तररंगात आख्यान. लेकुरवाळ्या बायका, पोरेटोरे आणि दिवसभर राबून आलेली माणसे जमतात ती बहुतेक आख्यानासाठी. तथापि निरूपण टाळून थेट आख्यान लावणारा बुवा कच्चा समजला जातो. पूर्वरंग हा वेळ काढण्याचा भाग नव्हे. विखुरलेले चित्त गोळा करून ते ऐकण्याच्या योग्यतेस आणावयाचे, हे त्याचे काम होय. हे दोन्ही भाग एकच मनुष्य करतो, हे खरे. परंतु त्याच्या मागे टाळ धरून जो झिलकरी उभा असतो, तोच पुष्कळदा उद्याचा कीर्तनकार असतो. धृपद उचलून धरता धरता तो शब्द, ताल आणि श्रोत्यांची नाडी ह्या तीनही गोष्टी शिकतो.

तमाशात हाच क्रम अधिक विस्तृत झालेला आहे. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि ह्या सर्वांच्या पाठीमागून वग. फडाची कीर्ती वगावर ठरते. पण गौळणीत रंग भरला नाही, तर वगास बसलेला प्रेक्षक चुळबुळ करू लागतो, हे प्रत्येक फडमालकास ठाऊक असते. मराठी नाटकाचा आरंभही असाच झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला, त्या वेळी आणि त्यानंतरच्या त्यांच्या खेळांत कथानकास हात घालण्यापूर्वी सूत्रधार, विदूषक, गणपती आणि सरस्वती यांची हजेरी लागत असे. जो आधी येतो तो कमी प्रतीचा, हा समज आमच्या परंपरेतला नव्हे. अग्रपूजेचा मान आम्ही ज्या देवास देतो, त्याच्यामागून येणाऱ्या देवांस त्यात कधी उणेपणा वाटलेला नाही, आणि त्याच्या स्वतःच्या थोरवीविषयीही कोणी शंका घेतलेली नाही.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो पुष्कळ नंतर, १ मे १९८१ रोजी. निजामी अमलात सार्वजनिक सभा भरविण्यावर 'गश्ती निशान ५३' नावाच्या फर्मानाने कडक निर्बंध घातलेले होते. सभा भरविता येत नाही, तेव्हा माणसे एकत्र कशी यावीत? ती उत्सवात आली, कीर्तनात आली, गणेशोत्सवातील मेळ्यांत आली. मराठवाड्यात गाणे ऐकण्यास बसणे ह्या क्रियेस अशा रीतीने एक निराळेच महत्त्व प्राप्त झाले होते; शेजारी बसलेल्या माणसाबरोबर आपण एक समाज आहोत, ह्या जाणिवेची ती शाळा होती. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याच्या लोहमार्गाने जालना एकीकडे मनमाडशी आणि दुसरीकडे हैदराबादेशी जोडले गेले, आणि कलावंतांच्या येण्याजाण्याची वाट सुकर झाली.

अंबड येथे दत्तजयंतीस भरणारा संगीताचा उत्सव ह्याच परंपरेतला होय. मत्स्योदरी देवीच्या ह्या गावी दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीत ऐकण्याची चाल पडली, आणि अंबडचे गायक गोविंदराव जळगावकर यांचे नाव त्या उत्सवाशी निगडित झाले. देवापुढील उत्सवाची एक खुबी अशी आहे की, तेथे गाणारा हा 'हजेरी लावण्यास' आलेला असतो. देवाच्या पुढ्यात थोरामोठ्यांचीही हजेरीच, आणि काल तंबोरा धरावयास शिकलेल्या मुलाचीही हजेरीच. मोठ्या गवयाचे गाणे शेवटी व्हावे हे खरे. पण गावातील होतकरू विद्यार्थी आरंभी दहा मिनिटे गाऊन गेला, तर त्याबद्दल कोणी कपाळास आठी घालीत नाही. लहान गावांतून संगीताचे बीज टिकले, ते ह्या दहा मिनिटांमुळे, असे आम्हांस वाटते.

आता ख्यालगायकीच्या मैफलीकडे वळू. तेथे सपोर्टिंग बँडाचे काम करणारा मनुष्य आधी येत नाही. तो गुरूच्या मागे बसतो. दोन तंबोऱ्यांपैकी एक त्याच्या हाती असतो. गुरूने श्वास घेतला की त्याने सूर धरून ठेवावयाचा, गुरूने खूण केली की एखादी आलापी करावयाची, आणि पुन्हा गप्प व्हावयाचे. अशी दहा-दहा वर्षे साथ केल्यावर एखाद्या दिवशी, श्रोते अजून येऊन बसत आहेत अशा वेळी, त्यास स्वतंत्रपणे गाण्याची अनुज्ञा मिळते. सायंकाळचा मारवा किंवा यमन त्याच्या वाट्यास येतो. रात्रीचा मालकंस किंवा दरबारी आणि अखेरची भैरवी ही वडिलांची. म्हणजे रागांच्या वेळांनीच वयाचा आणि अधिकाराचा क्रम लावून दिला होता. सायंकाळपासून पहाटेपर्यंत रात्र लांब होती, म्हणून त्या रात्रीत सर्वांस जागा होती.

ह्या व्यवस्थेचे फळ काय, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रास सुपरिचित आहे. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या वयास साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा १९४६ च्या जानेवारीत पुण्यास त्यांच्या गौरवार्थ समारंभ झाला. त्यात त्यांचे तरुण शिष्य भीमसेन जोशी गायले. मान गुरूचा होता, निमित्तही गुरूचे होते. परंतु त्या गाण्याने शिष्याचे नाव सर्वतोमुखी होण्यास आरंभ झाला. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त भीमसेनांनी पुण्यात जो उत्सव सुरू केला, तो पुढे देशातील अग्रगण्य संगीतोत्सव झाला. कित्येक वर्षे त्या उत्सवाचा समारोप भीमसेनांच्या गायनाने होत असे. गुरूच्या मानाच्या दिवशी गाऊन गेलेला शिष्य अखेरच्या जागी जाऊन पोहोचला. आणि तेथे पोहोचल्यावर त्याने जो उत्सव चालविला, त्यात आरंभीच्या बैठकीत नव्या गळ्यांस बसविण्याचा परिपाठ पडला. उपकाराची फेड ह्याहून निराळी कशी करावयाची?

ठळक आणि बारीक अक्षरांचा भेद मात्र तिकिटाबरोबर आला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. राजदरबारी किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात गाणे होई, तेव्हा जाहिरातीची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्यास प्रारंभ केला, आणि गाणे चार भिंतींबाहेर पडून सामान्य गृहस्थापर्यंत पोहोचले. हा लाभ फार मोठा. पण तिकीट विकावयाचे म्हणजे नाव विकावयाचे, आणि नाव विकावयाचे म्हणजे ते मोठ्या अक्षरांत छापावयाचे. नाटक मंडळ्यांतही हेच झाले. नटाच्या नावावर खेळ चालू लागले, आणि कोणाचे नाव कोणाच्या वर, ह्यावरून मंडळ्यांत आणि त्यांच्या चाहत्यांत चुरस माजली.

ह्या चुरशीत एक रात्र अशी उजाडली की, तिची आठवण आजही काढावी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी संस्था त्यासाठी एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघांचेही चाहते आपापला नट श्रेष्ठ मानणारे. पण त्या रात्री दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा पूर्वरंग नव्हता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. कलावंतांनी मनात आणले आणि कार्य पुरेसे मोठे असले, तर अक्षरांची उंची सारखी करता येते, एवढा धडा ह्या प्रयोगाने घालून दिला आहे.

विलायतेत ह्या क्रमाची कथा कशी घडली, तेही पाहू. १९६३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात एक दौरा निघाला. त्याची मुख्य मानकरी हेलन शपीरो नावाची सोळा वर्षांची गायिका होती, आणि तिच्या आधी वाजविणाऱ्यांत लिव्हरपूलच्या चार तरुणांचा एक बँड होता. तो बँड म्हणजे बीटल्स. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते रॉय ऑर्बिसन ह्या अमेरिकन गायकाबरोबर दौऱ्यावर निघाले. आरंभी मुख्य जागा ऑर्बिसनची ठरली होती, परंतु अखेरीस गाण्याचा मान बीटल्सकडे आला. शेवटच्या जागेवर कोणाचा कायमचा हक्क नसतो, आणि ती जागा देणारा श्रोता असतो, हे ह्यावरून दिसते. उलट बाजूचे उदाहरणही आहे. १९६७ च्या जुलैत जिमी हेंड्रिक्स हा असामान्य गिटारवादक अमेरिकेत 'मंकीज' नावाच्या बँडच्या आधी वाजविण्यास ठेवला गेला. मंकीजचे चाहते बहुतेक अल्पवयीन. त्यांनी हेंड्रिक्सचे वादन चालू असता आपल्या लाडक्यांच्या नावाचा गजर चालविला, आणि थोड्याच प्रयोगांनंतर हेंड्रिक्स त्या दौऱ्यातून निघून गेला. आधी वाजविणाऱ्याची योग्यता कमी नव्हती. जोडी विजोड होती, आणि श्रोत्यांस ऐकावयाचे नव्हते.

आमच्या देशात ह्या संगीताचे एक मोठे आश्रयस्थान मुंबईच्या धोबीतलावावरील रंगभवन हे होते. ह्या उघड्या नाट्यगृहात १९७८ पासून 'जॅझ यात्रा' भरू लागली, आणि १९८० साली इंग्लंडचा 'पोलिस' हा बँड तेथे वाजवून गेला. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड स्थापन झाला. त्या काळी आमचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजविण्यातच भूषण मानीत. रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असे नाव घेतले. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा जो उत्सव मुंबईत भरू लागला, त्यात नामांकित बँडच्या आधी कॉलेजातील मुलांचे बँड एकामागून एक वाजवीत. नकलेकडून स्वतःच्या रचनेकडे जाण्याचा मार्ग ह्या आधीच्या जागेतून जात होता. मुख्य बँडची गाणी लोकांस पाठ असतात. आधीच्या बँडने त्यांचीच नक्कल केली तर ती कोण ऐकणार? स्वतःचे काही असेल, तरच त्याच्याकडे कोणी वळून पाहील.

ह्या आधीच्या जागेचे व्यवहार कसे चालतात, ते वाचकांस सांगणे उचित होईल. जलशाच्या दिवशी दुपारी ध्वनिवर्धकाची जुळणी प्रथम मुख्य बँडची होते. मग त्यांची वाद्ये आहेत त्याच जागी ठेवून त्यांच्यापुढे उरलेल्या जागेत आधीच्या बँडची वाद्ये मांडतात, आणि त्यांची जुळणी उरलेल्या वेळात होते. पुष्कळदा ती होतही नाही. म्हणजे रात्रीचा पहिला तो दुपारचा शेवटचा. दिवे थोडे, जागा थोडी, वेळ अर्धा-पाऊण तास, आणि बिदागी नाममात्र. समोर जे बसले आहेत ते आपल्यासाठी आलेले नाहीत, हे पक्के ठाऊक असते. अशा स्थितीत दोन गाणी होऊन तिसऱ्यास चार माणसे बोलणे थांबवून ऐकू लागली, तर तो त्या बँडचा खरा विजय होय. आपल्या मित्रमंडळींच्या टाळ्यांनी हे शिक्षण मिळत नाही. आणि शेवटच्या जागी एकदम बसविलेल्या मनुष्यास तर ते कधीच मिळत नाही.

ह्या जागेतून माणूस किती दूर जाऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण देऊन पुढे जाऊ. १७ मार्च २००७ रोजी इंग्लंडचा 'आयर्न मेडन' हा जगद्विख्यात बँड बंगळूरास आला, तेव्हा त्याच्या आधी वाजविण्याचा मान १९९१ साली दिल्लीत स्थापन झालेल्या 'परिक्रमा' ह्या बँडला मिळाला. त्याच वर्षी परिक्रमास इंग्लंडातील 'डाउनलोड' नावाच्या मोठ्या उत्सवात वाजविण्याची संधी मिळाली. आधीच्या अर्ध्या तासाचे पारितोषिक समुद्रापलीकडे मिळाले. पुण्यात २०१० च्या डिसेंबरात 'एनएच सेव्हन वीकेंडर' नावाचा उत्सव सुरू झाला. त्यात एकाच मैदानावर अनेक रंगमंच मांडून देशी-परदेशी बँडांस एकाच दिवशी वाव देण्याची युक्ती योजिली होती. जागा वाढल्या, परंतु तेथेही नवख्यांच्या वाट्यास बहुधा दुपारचे ऊन येई, आणि ठळक नावांच्या वाट्यास दिवेलागणीनंतरचा गारवा.

येथे आपण मुख्य प्रश्नाशी येऊन पोहोचतो. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाविषयी नियम केले. त्यांप्रमाणे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी झाली, आणि इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीचा शंभर मीटरांचा प्रदेश शांतताक्षेत्र ठरला. सणासमारंभांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार पुढे राज्य सरकारांस मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे निर्बंध उचलून धरले. इस्पितळ आणि कॉलेज यांच्या शेजारी असलेल्या रंगभवनातील जलसे ह्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पडले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या बैठकीही संपुष्टात आल्या, आणि रात्र तुकडे करून निरनिराळ्या दिवसांच्या संध्याकाळी वाटली गेली. विजेच्या गिटारीचा जलसा आणि तंबोऱ्याची मैफल, ज्यांचे परस्परांशी काही नाते आहे हे दोन्ही पक्ष मान्य करणार नाहीत, त्या एकाच कायद्याने एकाच संकटात सापडल्या.

ह्या नियमांविरुद्ध आम्हांस काही म्हणावयाचे आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. रोग्यास झोप मिळाली पाहिजे, परीक्षार्थ्यास शांतता मिळाली पाहिजे. आणि उत्सवाच्या नावाखाली चौकाचौकांत रात्रभर ध्वनिवर्धक कोकलत ठेवणाऱ्यांनीच हा कायदा ओढवून घेतला, हे उघड आहे. आम्ही फक्त एवढेच दाखवू इच्छितो की, रात्र लहान झाली तेव्हा तिच्यातून काय कापले गेले. शेवटच्या मानकऱ्याचा वेळ कोणी कापीत नाही, कारण तिकीट त्याच्या नावावर विकले गेलेले असते. दहा वाजता संपवावयाचे म्हणजे त्यास आठास बसविले पाहिजे; मग आधीचा जो असेल त्यास सहास किंवा पाचास. त्या वेळी कचेऱ्या सुटलेल्या नसतात, श्रोता वाटेवर असतो, आणि नवखा कलावंत रिकाम्या खुर्च्यांपुढे गाऊन उठतो. पुढच्या वर्षी व्यवस्थापक म्हणतो की, त्यास ऐकावयास कोणी येत नाही, तर त्यास ठेवावेच कशाला? पूर्वरंग बंद पडतो तो कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, हिशेबामुळे.

हा हिशेब मोठ्या शहरापेक्षा जिल्ह्याच्या गावास अधिक जाचतो. पुण्यामुंबईत ह्या आठवड्यात जागा न मिळालेल्या मुलास पुढच्या आठवड्यात दुसरीकडे मिळेल. जालन्यासारख्या गावी मोठा जलसा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होणार. त्यात बाहेरून आणलेल्या एकाच नावावर सारा खर्च होतो, आणि गावातील गाणारा-वाजविणारा मुलगा खुर्च्या मांडावयास उरतो. मग त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. एक, ऑर्केस्ट्रात शिरून चित्रपटातील गाणी दुसऱ्याच्या आवाजात म्हणावयाची. दुसरी, गाव सोडावयाचे. 'जालना, सोने का पालना' ही म्हण आम्ही अभिमानाने सांगतो. पण पाळणा हलविण्यास कोणी नसेल, तर तो सोन्याचा असून काय उपयोग?

वास्तविक पूर्वरंगाचे महत्त्व जालन्यास दुसऱ्या कोणी शिकवावे असे नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ह्याच गावी बियाण्यांची कंपनी काढली, आणि जालन्याचे नाव शेतकऱ्यांच्या घरोघरी गेले. बियाण्याच्या धंद्यातला मनुष्य जाणतो की, पिशवीत भरून विकावयाच्या दाण्यापूर्वी कित्येक हंगाम चाचणीच्या वाफ्यांत घालवावे लागतात. त्या वाफ्यांतून उत्पन्न निघत नाही. त्यांवर खर्चच होतो. म्हणून ते मोडून सगळी जमीन विक्रीच्या पिकाखाली आणली, तर पहिल्या वर्षी नफा वाढेल आणि चौथ्या वर्षी बियाणेच उरणार नाही. मैफलीतील पहिली अर्धी घटका म्हणजे असाच चाचणीचा वाफा होय.

तर मग करावे काय? उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. जेथे बाहेरचा मोठा कलावंत आणावयाचा, मग तो ख्याल गाणारा असो की गिटार वाजविणारा, तेथे त्याच्या आधीची अर्धी घटका जिल्ह्यातील एखाद्या होतकरूस द्यावी, आणि हे आमंत्रणाच्या वेळीच ठरवून टाकावे. त्यास दुसऱ्याची गाणी म्हणावयास न लावता स्वतःचे जे असेल ते म्हणू द्यावे. त्याचे नाव वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावे, त्यास थोडी का होईना पण रोख बिदागी द्यावी, आणि ध्वनिवर्धकाच्या जुळणीसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावी. कॉलेजांची सभागृहे बंदिस्त असतात. तेथे दहाच्या नियमाची अडचण उघड्या मैदानाइतकी नसते. त्यांची दारे संध्याकाळी उघडली, तर पुष्कळ काम होईल.

ह्या सर्वांहून मोठा उपाय मात्र व्यवस्थापकाच्या हाती नाही. तो आपल्या हाती आहे. जलशास उशिरा जाणे ही प्रतिष्ठेची खूण होऊन बसली आहे. मुख्य मनुष्य बसण्याच्या पाच मिनिटे आधी सहकुटुंब प्रवेश करावयाचा, ओळखीच्यांस नमस्कार करीत पुढच्या रांगेत जावयाचे, आणि त्या गडबडीत आधीच्याची शेवटची चीज बुडवावयाची, हे दृश्य आमच्या सुशिक्षित कुटुंबांस अपरिचित नाही. ज्या पिढीस सभा भरविण्याची बंदी होती, ती उत्सवाच्या मांडवात वेळेवर येऊन बसत होती, कारण एकत्र बसण्याची किंमत तिला कळत होती. आमच्यावर तशी बंदी नाही. म्हणून आम्ही दाराशी रेंगाळतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरचा मुलगा कोठेतरी दुपारच्या उन्हात, अनोळखी लोकांपुढे, बारीक अक्षरांतील नावाने वाजवीत असेल, त्यांनी त्याचे संगीत आवडत नसले तरी त्याच्या जागेस हसू नये. ती जागा झिलकऱ्याची आहे, गौळणीतल्या पोराची आहे, गुरूमागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्याची आहे. आणि ज्यांच्या घरी असा मुलगा नाही, त्यांनी पुढच्या जलशाचे तिकीट काढाल तेव्हा वेळ मोठ्या नावाची न पाहता आरंभाची पाहावी, आणि घरून अर्धा तास आधी निघावे, एवढीच आमची विनंती आहे.